चौकटीची डावी कड

ताई,

तुझं दिवसकार्य परवा आटोपलं, तरी भेटायला येणारे थांबलेले नाहीत. चहा होतो, तुझ्या वळणदार अक्षराची तारीफ होते, आणि कपबशी खाली ठेवता ठेवता प्रत्येक जण तेच विचारतो, "पण कळलं कसं हो?" मी सांगते, डोकं दुखायचं. लोकांचं समाधान होतं. मेंदूत गाठ म्हणजे डोकं दुखणारच, हे त्यांना पटतं. तुझं डोकं कधी दुखलंच नाही, हे मी कोणाला सांगत बसत नाही. तुझ्या आजाराची पहिली बातमी खिशात मावणाऱ्या एका डिजिटल कॅमेऱ्याने दिली आणि आपल्यापैकी एकालाही ती वाचता आली नाही, हे कोणाला आणि कसं सांगू? त्या कॅमेऱ्यापायी तुझ्यावर जो आळ आला, तो निदान आता तरी पुसला जावा, म्हणून हे लिहायला बसलेय.

तुझा जुना रीळवाला कॅमेरा बिघडला तिथून हे सुरू झालं. मांडवीच्या दुरुस्तीवाल्याने तो उघडला, आत पाहिलं आणि हात जोडून परत दिला. सुटे भाग येत नाहीत म्हणाला. तू घरी येऊन इतकी गप्प बसलीस की मला वाटलं, मकरपुऱ्यात तुझ्या कंपनीत काही झालं. तिथेही ड्रॉइंग बोर्ड काढून संगणक बसवले तेव्हा तू अशीच बसली होतीस. मग महिनाभरात संगणकावर असे काही नकाशे काढायला लागलीस, की नवीन पोरं तुझ्याकडे शिकायला यायची.

नवा कॅमेरा निवडताना मात्र तू माझा जीव खाल्लास. अलकापुरीतलं एक दुकान सोडलं नाहीस. टाय लावलेला पोरगा मेगापिक्सेलचं पुराण सुरू करायचा आणि तू त्याला मध्येच थांबवायचीस, "कणिक किती मळलीस ते नको सांगू, पोळी दाखव." तुझ्या अटी दोनच होत्या. एक, साधे पेन्सिल सेल चालले पाहिजेत. "उद्या पादरा गावी कोणाचं लग्न असलं आणि चार्जिंग संपलं तर काय करायचं? सेल पादऱ्यालाही मिळाले पाहिजेत." त्यावरून मी तुला नंतर कितीदा चिडवलं. दुसरी अट अशी, की डोळा लावून पाहायला वर छोटी खिडकी हवी. मला मोठ्या स्क्रीनचा, चपटा, चंदेरी कॅमेरा आवडला होता. तू तो हातात घेतलास, दोन्ही हात लांब केलेस आणि भर दुकानात म्हणालीस, "मंजे, हा फोटो काढायचा की आरती ओवाळायची?"

दुकानदारही हसला. मी चिडले. पण तुझं म्हणणं खरं होतं हे मला ठाऊक होतं. आपल्या घरातले सगळे चांगले फोटो तुझेच. तू म्हणायचीस, कोऱ्या कागदावर आधी चौकट आखायची आणि मगच आत काय ते काढायचं. डोळा खिडकीला लावलास की तू श्वास धरायचीस. चारी बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडायचीस, कुणाच्या पायाचा अंगठाही कापला जायचा नाही. म्हणून मी हरले आणि खिडकीवाला कॅमेरा घरी आला.

उत्तरायणाला आमच्या गच्चीवर तू तो पहिल्यांदा मनसोक्त वापरलास. उंधियूच्या पातेल्याभोवती माणसं, वर पतंगांची गर्दी, लाउडस्पीकरवर गाणी. तू जोडीजोडीने सगळ्यांना उभं केलंस. मागे सरकताना डाव्या बाजूला ठेवलेल्या फिरकीवर तुझा पाय पडला आणि तू कठड्याच्या अलीकडे जेमतेम सावरलीस. "कोणी ठेवली ही इथे वाटेत?" म्हणून ओरडलीस. फिरकी वाटेत नव्हती, ताई. लालभडक मांजाची एवढी मोठी फिरकी होती ती. मी तेव्हा म्हटलं, म्हातारी झालीस. तू मला धपाटा घातलास.

फोटो आले आणि मला हसू आवरेना. प्रत्येक फोटोत डावीकडचा माणूस अर्धा. कुणाचा खांदा गायब, कुणाचा कान. आणि उजवीकडे तुझी ती बोटभर जागा, अगदी मोजून सोडल्यासारखी. तू पहिल्यांदा पाहून म्हणालीस, "छान आलेत की." मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा तू चमकलीस. मग चष्मा पुसलास आणि पुन्हा पाहिलंस.

आपण कॅमेरा घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने एक फोटो पाहिला आणि लगेच म्हणाला, "बेन, आ बारीमांथी नहीं, स्क्रीनमां जोईने पाडो." या खिडकीतून नको, स्क्रीनमध्ये पाहून काढा म्हणाला, खिडकी एका जागी असते आणि भिंग दुसऱ्या जागी, त्यामुळे जवळून फोटो काढला की खिडकीत दिसतं तेवढं येत नाही. हे ऐकल्यावर तुझा चेहरा असा उजळला! तू तिथल्याच एका कागदावर खिडकी काढलीस, भिंग काढलंस, दोन्हीकडून रेघा ओढल्यास आणि दुकानदारालाच समजावलंस की फरक किती पडणार. तो बिचारा "साचुं, साचुं" म्हणत मान डोलावत राहिला. मी कौतुकाने पाहत होते. तुझं गणित बिनचूक होतं. त्या गणिताने इतकी मोठी कड कापली जाणार नाही हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं, असं आज वाटतं. पण तुला कारण सापडलं होतं आणि मला वाद जिंकल्याचा आनंद झाला होता. खिडकीवाला परत देऊन आपण तो चंदेरी, मोठ्या स्क्रीनचा घेतला. येताना मी तुला विचारलं, "आता आरती कधी ओवाळणार?"

त्याच सुमारास तुझ्या स्कूटरचा डावा आरसा तुटला. फाटकाला घासली म्हणालीस. आरसा बदललास आणि आठवड्यात तो पुन्हा तुटला. तू फाटकाला दोष दिलास. मकरपुऱ्याच्या रस्त्यावर सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या कशा अंगावर येतात, तू तिथून रोज जात होतीस आणि तुझ्या डाव्या हाताचं जग तुझ्यापुरतं नाहीसं होत चाललं होतं.  तू संध्याकाळी आमच्या फाटकातून आत यायचीस, हेल्मेट काढायचीस आणि मी काय करायचे, तर आलं घालू का चहात, विचारायचे.

मग सुधीरच्या नि माझ्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला. हे मला लिहायला नको वाटतं, पण सगळा आळ तिथलाच आहे.

जोडप्याचा फोटो काढताना बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी राहते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे समोरून पाहणाऱ्याला नवरा डावीकडे दिसतो. त्या दिवशी तू सगळ्या जोडप्यांचे फोटो काढलेस. आठ दिवसांनी आम्ही ते संगणकावर पाहायला बसलो. मी, सुधीर, त्याची सगळी माणसं, आणि शेवटी तू. एकेक फोटो पुढे जाऊ लागला. बायका सगळ्या पूर्ण, पैठणीच्या काठासकट. नवरे सगळे अर्धे. आमच्या दोघांच्या फोटोत मी मधोमध उभी आणि सुधीरचा एक हात तेवढा माझ्या खांद्यावर. त्याचा चेहरा कानापाशी कापलेला.

तू म्हणालीस, "हा सगळ्यात छान आलाय."

सुधीर आधी हसला. "ताई, यात मी कुठेय?"

"आहात की."

त्याने उठून पडद्यावर बोट ठेवलं. तू मान वळवून पाहिलंस आणि तुझा चेहरा पांढरा पडला. माझ्या नवऱ्याचा स्वभाव तुला माहीत आहे. हसता हसता कधी चिडतो त्याचं त्यालाच कळत नाही. तो म्हणाला, "कॅमेरा बदलला ना तुम्ही? मग आता कोणाचा दोष? लग्नाच्या फोटोतून नवरा कापायची तुम्हाला सवय आहे, हे विसरलोच होतो मी."

सगळ्यांना कळलं तो काय म्हणाला ते. तू सासर सोडून चार महिन्यांत परत आलीस, का ते कधी कोणाला सांगितलं नाहीस. तुझ्या लग्नाच्या अल्बममधले फोटो कात्रीने कापलेले आहेत आणि तुझ्या शेजारी सगळीकडे सरळ कड आहे, हे आपल्या अख्ख्या गोतावळ्याने पाहिलंय. ती कात्री आईने चालवली होती. रडत रडत, स्वयंपाकघरात बसून. मी पाहिलं होतं, तूही पाहिलं होतंस. पण लोक तुझं नाव घेत राहिले आणि तू आईचं नाव सांगितलं नाहीस. त्या दिवशीही सांगितलं नाहीस. फक्त म्हणालीस, "सुधीरराव, मी मुद्दाम नाही केलं," आणि चप्पल घालून निघालीस. बाहेर पडताना डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटलास. सुधीरची वहिनी म्हणाली, "बघा, किती राग."

मी त्या दिवशी सुधीरशी जी भांडले, तशी जन्मात भांडले नव्हते. त्याचं म्हणणं एकच होतं. एक फोटो चुकतो, दोन चुकतात, सगळेच्या सगळे नवरे कसे चुकतील? आणि वर तोंडावर "छान आलाय" म्हणायचं?  तो तुझ्याशी बोलेनासा झाला. माझं तोंड मात्र रोज वाजत होतं, त्याच्यापुढे तुझी बाजू घेऊन आणि तुझ्यापुढे त्याची.

तू येत राहिलीस, पण तुझं येणं कमी झालं. कॅमेरा पर्समध्येच असायचा. कुणी फोटो काढ म्हटलं की म्हणायचीस, "नको, माझा हात चांगला नाही." जेवायला बसलीस तर ताटातल्या चटणी-लोणच्याला हात लावायची नाहीस. लोणच्याच्या फोडीवरून माझ्याशी मारामाऱ्या केलेली तू. मी विचारलं तर म्हणालीस, "वाढलंस कुठे?" मी वाढलं होतं. मला वाटलं तू रुसलीस, आणि मीही फुगून बसले.

श्रावणात माझ्या धाकट्या दिराने नव्या फ्लॅटमध्ये सत्यनारायण घातला. त्याच्या बायकोने तुला हट्टाने बोलावलं आणि फोटो काढायला लावले. सुधीर खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून होता. फोटो मी एकटीने पाहिले. दुपारची वेळ होती, भांडी घासायची पडली होती. पहिलाच फोटो पूजेचा. चौरंग, केळीचे खांब, दीर सोवळ्यात, अगदी पूर्ण, शेंडीपासून गुडघ्यापर्यंत. आणि त्याची बायको अर्धी कापलेली.

मला आधी हसूच आलं. म्हटलं चला, या वेळी बायकोची पाळी. आता सुधीरला दाखवते, माझ्या ताईला नवऱ्यांचं वाकडं नाही म्हणून. आणि मग माझं हसू जागच्या जागी थांबलं. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते. समोरून पाहिलं तर ती डावीकडे येते. मी भराभर मागे गेले. वाढदिवसाचे फोटो, उत्तरायणाचे फोटो. नवरा नाही, बायको नाही, खिडकी नाही, स्क्रीन नाही. डावीकडे जे होतं ते कापलं होतं. पातेलं, कुंडी, माणूस, देव. मग मला फिरकी आठवली, तुझे आरसे आठवले, दाराची चौकट आठवली. चटणी आणि लोणचं ताटात डावीकडे वाढतात हेही आठवलं.  रिक्षा करून मी तुझ्याकडे आले आणि काही न बोलता पोळी-भाजी गरम करून तुला ताट वाढलं. तू जेवलीस. ताटाची उजवी बाजू लख्ख झाली, डावी जशीच्या तशी. "झालं माझं," म्हणालीस आणि उठलीस. मी ताटाकडे पाहत राहिले.

डॉक्टरांनी नंतर जे सांगितलं ते असं होतं, की गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला आहे आणि अशा माणसाला डावीकडचं दिसत नाही असं नसतं, तिकडे काही आहे याची दखलच राहत नाही. त्यामुळे काही चुकतंय हे त्याचं त्याला कळत नाही. तू स्कॅनच्या काळ्या फिल्मकडे नकाशा तपासावा तशी पाहत होतीस. डॉक्टरांना विचारलंस, "किती दिवसांपासून असेल?" ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण बरेच महिने. तू बोटांवर काहीतरी मोजलंस. मग तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मी घाबरले, कारण तू हसत होतीस. डॉक्टर ऑपरेशनचे धोके सांगत होते आणि तू, सुटल्यासारखी, हसत होतीस.

सुधीर दवाखान्यात आला तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मी त्याला सगळं सांगितलं होतं, तरी बावळटासारखा तुझ्या डाव्या अंगाला जाऊन बसला. "ताई, चुकलं माझं," म्हणाला. तू समोर पाहत राहिलीस. त्याने पुन्हा म्हटलं. तू उजवीकडे वळून रिकाम्या भिंतीकडे पाहिलंस. त्याचा चेहरा उतरला. उठून माझ्यापाशी आला आणि पुटपुटला, "अजून राग आहे त्यांना." एरवी मी दवाखान्यात आवाज चढवला नसता. "राग नाही हो, बाजू चुकली तुमची!" म्हणून मी त्याला दंडाला धरून पलंगाच्या उजवीकडे आणलं. तुझा चेहरा एकदम फुलला. "अय्या, सुधीरराव! कधी आलात? उभे का, बसा ना." तो बसला आणि तुझा हात हातात घेऊन लहान मुलासारखा रडला. माझा एवढा भांडकुदळ नवरा. तू त्याच्या पाठीवर थोपटत होतीस.

तो गेल्यावर तू मला विचारलंस, "कशासाठी रडत होते गं?"

"तुला बोलले त्यासाठी."

तू पांघरूण सारखं केलंस. मग म्हणालीस, "खरं सांगू मंजे? ते म्हणाले ते मला पटलं होतं."

"काय पटलं होतं?"

"माझ्या मनात राग आहे ते. मी तरी काय समजणार? डोळे नीट, हात नीट, कॅमेरा नवा. मग माझ्या हातून सगळ्यांचे नवरे का कापले जावेत? रोज रात्री दिवा मालवला की शोधायचे, कुठे आहे हा राग. त्या माणसावर होता, तो केव्हाच विझला होता. सुधीररावांवर शोधला. तुझ्या संसारावर शोधला, पंचवीस वर्षं झाली तुला, त्याचा शोधला. कुठे सापडेना. सापडला नाही ना, म्हणून जास्त भीती वाटली गं. म्हटलं, फारच खोल असणार."

मी तोंड उघडलं तेवढ्यात नर्सबाई आल्या. "चालो मासी, चष्मा, घड्याळ, बंगडी बधुं काढी आपो." तू घड्याळ काढून दिलंस. चष्मा मी काढला. तुला तपासायला घेऊन गेले, मग भूल देणारे डॉक्टर आले, मग आणखी कोणी आले, मग मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्यानंतर तू डोळे उघडलेस, पण माणसं ओळखून असं कधी पाहिलं नाहीस.

म्हणून आता सांगते. ताई, राग नव्हता. खोलही नव्हता, वरही नव्हता. माझ्या जन्मापासून मी तुझ्या कपाटात, तुझ्या पर्समध्ये, तुझ्या गादीखाली हात घालत आले. तू लपवलेलं प्रत्येक चॉकलेट, प्रत्येक रडणं, मला तुझ्याआधी सापडलं. हा राग असता ना, तर मी तुला शोधत बसू दिलं नसतं.

तुझी,
मंजू